सापाचं पत्रक

“पण अप्पा, मजकूरच खाली उडी मारतो, त्याला मी काय करू?”

रेवणसिद्धाचा आवाज चढला होता. मठात अप्पांशी चढ्या आवाजात कुणी बोलत नसे.

अप्पा म्हणजे मठाचे स्वामी. वय झालेलं, गुडघे गेलेले. दिवसभर ओसरीत घोंगडीवर बसून असत. त्यांनी मान वर केली.

“कोण मारतो उडी?”

“मजकूर. वर फोटो घातला की खालचा तक्ता फुटतो. अर्धा या पानावर, अर्धा पुढच्या. तक्ता ओढून वर आणावा तर बाण निसटतात. बाण पकडून बसवावेत तर चौकट सरकते. सकाळपासून तेच चाललंय.”

“सकाळपासून?”

“परवापासून,” रेवण पुटपुटला.

मठात येण्याआधी तो पुण्यात एका जाहिरात कंपनीत होता. बड्या बड्या बिल्डरांची पत्रकं त्याच्या हाताखालून गेली होती. आता मठाचा जुनाट कॉम्प्युटर, त्यात नुसतं वर्ड, आणि एक साधं पत्रक त्याला घाम फोडत होतं. हे कुणाला सांगायचीही चोरी.

पत्रक होतं सापाचं.

आसपासच्या गावांत कुणाला साप चावला की उचलून मठात आणायची रीत होती. आधीचे स्वामी भस्म लावायचे, मंत्र म्हणायचे. साप बिनविषारी निघाला की माणूस वाचायचा आणि मठाचं नाव व्हायचं. अप्पांनी गादीवर आल्यावर हे बंद केलं. दवाखान्यात न्या, म्हणून सांगत राहिले. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा मठातच यायचे.

गेल्या आषाढात साप चावलेल्या चन्नव्वाला असंच आणलं. अप्पांनी हात जोडले, म्हणाले, आधी गाडीत घाला तिला. नवरा म्हणाला, आधी भस्म लावा. सासू अप्पांच्या पायाशी आडवी पडली. ही ओढाताण चालू असतानाच चन्नव्वा याच ओसरीत गेली.

म्हणून पत्रक. गावोगावी, चावडीवर, दुकानांच्या भिंतींवर लावायचं.

“आण बघू, काय झालंय ते,” अप्पा म्हणाले.

“अजून नीट बसलेलं नाही.”

“असेल तसं आण.”

रेवणनं कागद आणून दिले. अप्पांनी चष्मा लावून वरचं पान डोळ्यांजवळ नेलं.

माथ्यावर गोल चौकटीत अप्पांचा फोटो होता. भोवती किरणं काढलेली, दोन्ही बाजूंना समया. त्याखाली फणा काढलेला नाग, घोणस, मण्यार. मग जाड लाल बाण. तळाशी तक्त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. दवाखान्याचं नाव पुढच्या पानावर गेलं होतं.

“हा कोण?”

“तुम्ही, अप्पा. तुमचा फोटो बघितला की लोक पत्रक मानतील.”

अप्पांनी कागद मांडीवर ठेवला.

“चन्नव्वाच्या नवऱ्याला वाचता येतं का?”

“नाही. म्हणून तर एवढी चित्रं घातली.”

“बरं. समज, मी तो. बायकोला साप चावलाय. हे पान समोर भिंतीवर आहे. मला काय दिसतं, सांग.”

“फोटो दिसतो... मग साप. मग बाण.”

“बाण कुठं चाललाय?”

“तक्त्याकडं...” रेवण वाकला. शेवटच्या ओढाताणीत बाण निसटून उलटा फिरला होता. नागाच्या फण्यापासून निघून तो सरळ वर, फोटोत घुसला होता.

“कुठं जाऊ मी?” अप्पांनी विचारलं.

“ते चुकून झालंय, अप्पा. बाण मी आत्ता फिरवतो.”

“बाण राहू दे. कुठं जाऊ?”

“मठात,” रेवण म्हणाला.

अप्पांनी शेजारच्या वाटीत अंगठा बुडवला. भस्मानं भरलेला तो अंगठा त्यांनी कागदावरच्या स्वतःच्या तोंडावरून फिरवला. एकदा, आणि मग पुन्हा जोर देऊन. नाक, डोळे, दाढी, सगळं राखेखाली गेलं.

कागद त्यांनी रेवणच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

रेवण धुमसतच आत गेला. परवापासूनची मेहनत, आणि शाबासकी ही अशी. त्यानं फोटो निवडला आणि बटण दाबलं. फोटो गेला. त्याबरोबर खालचा तक्ता आपसूक वर सरकला आणि एकसंध झाला. त्याचा त्याला आणखीच राग आला. इतके दिवस आपण नेमकं काय करत होतो?

मग त्यानं किरणं काढली. समया काढल्या. सापांपाशी हात थबकला. फार शोधून आणले होते ते. पण साप कुठला हे बघत बसायला वेळ कुणाला असणार? तेही काढले. बाण काढताना त्याला काहीच वाटलं नाही.

दिवेलागणीला तो नवा कागद घेऊन ओसरीत आला. आता एकच पान होतं. वर पांढऱ्या अँब्युलन्सचं मोठं चित्र, खाली ठळक आकड्यांत एकशे आठ. मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचं नाव. मग छोटासा तक्ता: जखम कापू नका, आवळून बांधू नका, साप चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, मठात आणू नका.

अप्पांनी ती शेवटची चौकट दोनदा वाचली.

रेवणला राहवेना.

“अप्पा, खाली निम्मं पान मोकळं पडलंय,” तो म्हणाला. “फार बोडकं दिसतं. मठाचं नाव घालू का तिथं? नाहीतर एखादी वेलबुट्टी?”

अप्पांनी त्या कोऱ्या जागेवर तळहात पसरून ठेवला.

“ही गाडीची वाट आहे,” ते म्हणाले. “इथं काही आडवं ठेवू नकोस.”