गोदाच्या हनुवटीवरचा तीळ

दोन डोंगर ओलांडले की एक गाव लागायचं आणि गावाच्या टोकाला एक शाळा. पांढऱ्या भिंतींची, निळ्या दारांची, अंगणात थोरलं बकुळीचं झाड असलेली. या शाळेत घंटा नव्हती. घंटेच्या जागी एक लाल दिवा होता. तो तीनदा मिचकला की शाळा भरे, पाचदा मिचकला की जेवणाची सुट्टी होई. कारण या शाळेतल्या एकाही मुलाला ऐकू येत नव्हतं.

म्हणून शाळा गप्प असायची असं मात्र समजू नका! तिथे दिवसभर अशी काही बडबड चाले की निर्मळेबाई कधीकधी दमून डोळेच मिटून घेत. सगळी बडबड हातांची. हातांनी भांडायचं, हातांनी रुसायचं, हातांनी गोष्टी सांगायच्या.

इथे प्रत्येकाला दोन नावं असत. एक घरून आणलेलं, वहीवर लिहायचं. दुसरं हातांचं, शाळेतल्या मुलांनी दिलेलं. कुरळ्या केसांच्या छोट्या इंदूचं नाव म्हणजे कानांशी बोटांनी काढलेली दोन चिमुकली वेटोळी. आणि गोदाचं नाव म्हणजे हनुवटीवर दोनदा टेकवलेलं बोट, कारण तिथे तिला एक काळाभोर, इवलासा तीळ होता.

गोदा नऊ वर्षांची होती आणि इतर मुलांसारखी शाळेतच राही. तिची आई हिराबाई दोन डोंगरांपलीकडच्या झोपडीत राही आणि बांबूच्या टोपल्या विणी. वडील नव्हते. गोदाकडे दोनच फ्रॉक होते आणि त्यातल्या एकाला पाठीवर ठिगळ होतं. पण ठिगळाचं तिला काही वाटत नसे. तिला वाईट वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. आईला हातांची भाषा येत नव्हती.

सुट्टीत घरी गेलं की मायलेकींकडे चारच खुणा असत. ये. जेव. झोप. नको. आई तिला जवळ घेई, तेल लावून वेणी घाली, गरम भाकरी वाढी. पण शाळेत काय झालं, कोण पडलं, कोण हसलं, रात्री स्वप्नात काय आलं, यातलं काहीच गोदाला सांगता येत नसे. पोटभर गोष्टी घेऊन ती घरी जाई आणि तशाच परत आणी.

दर वर्षी चैत्रात शाळेचा कौतुकाचा दिवस असे. वर्षभरात कुणी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, त्याचं हातांचं नाव घेऊन त्याला मंचावर बोलवायचं आणि सगळ्यांनी दोन्ही हात उंच करून हलवायचे. इथल्या टाळ्या अशाच असतात. शंभर हात वर हलले की सभागृहात पाखरांचा थवा उतरल्यासारखं दिसतं.

गेल्या वर्षी हिराबाई धुतलेलं लुगडं नेसून, दोन डोंगर चालून आली होती. तिसऱ्या रांगेत बसली. मंचावर काय चाललंय ते तिला कळेना. ती शेजारच्या बाईकडे बघे, तिने हात वर केले की आपणही करी. दर वेळी थोडा उशीर होई. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. गोदाच्या आलं. त्या दिवशी तिने लाडूसुद्धा खाल्ला नाही.

या वर्षी तर गोदा हातांनी गोष्ट सांगण्यात जिल्ह्यात पहिली आली होती. कौतुकाच्या दिवशी तीच गोष्ट तिला मंचावर सांगायची होती. गोष्ट होती टोपल्या विणणाऱ्या एका आईची. आणि सगळ्या जगात ती एका आईलाच कळणार नव्हती.

फाल्गुनात बकुळ फुलली. झाडाखाली चांदण्यांसारखी इवलीइवली फुलं सांडू लागली. गोदा सकाळी अनवाणी जाई, एकही फूल पायाखाली येऊ देत नसे. एके सकाळी हौदाच्या पाण्यात तिला एक फूल गटांगळ्या खाताना दिसलं. तिने ते ओंजळीत उचललं, फ्रॉकच्या टोकाने टिपलं आणि उन्हात ठेवलं.

फूल शिंकलं!

ते फूल नव्हतंच. ती बकुळपरी होती. करंगळीएवढी, मोतिया रंगाची, ओल्या पंखांवर गुलाबी, निळी, सोनेरी झिलई असलेली. पायांत चांदीची घुंगरं होती आणि त्या घुंगरांचा तिला फार अभिमान होता. परी बोलू लागली आणि बोलतच राहिली. बिचारीला वाटलं, आपला मंजुळ आवाज ऐकून ही मुलगी दंग झाली आहे. गोदाला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. शिवाय परी उन्हाकडे पाठ करून उभी होती, त्यामुळे तिचं तोंडही धड दिसत नव्हतं. शेवटी गोदाने तिला दोन बोटांत अलगद धरलं आणि फिरवून उजेडाकडे तोंड करून ठेवलं.

हजार वर्षांत परीला कुणी असं फिरवून ठेवलं नव्हतं. ती क्षणभर रागावली, मग तिच्या ध्यानात आलं. तिने सोनेरी परागांनी मातीवर लिहिलं, "तू मला वाचवलंस. एक इच्छा माग. तुला कान देऊ का?"

गोदाने काडीने खाली लिहिलं, "कान आहेत मला. दोन आहेत."

परी लाजली. मग तिने इच्छेचे नियम लिहिले. इच्छा एकच मिळेल. एकदा मागितली की ती बदलता येणार नाही. आणि इच्छा मागायची ती आपण ज्या भाषेत स्वप्नं बघतो त्याच भाषेत. लिहिलेली चालत नाही.

गोदाने हात उचलून परीला दाखवले. ती स्वप्नं हातांच्याच भाषेत बघत असे.

"पण मला ही भाषा येत नाही," परीने लिहिलं.

"मग शीक," गोदाने लिहिलं.

आणि परी शिकू लागली. रोज लाल दिवा पाचदा मिचकला की गोदा बकुळीखाली येई आणि आपल्या ताटातल्या भाकरीचा कण परीला देई. परीची बोटं तांदळाच्या कण्यांएवढी. पहिल्या दिवशी ती फूल म्हणायला गेली आणि म्हैस म्हणून बसली. गोदा इतकी हसली की तिला ठसका लागला. पण परी चिकाटीची होती. आठ दिवसांत तिला पाऊस, भूक, रुसवा, आई अशा खुणा येऊ लागल्या. हनुवटीवर बोट टेकवून ती गोदाला हाकही मारू लागली.

नवव्या दिवशी परी म्हणाली, "आता मला कळतं. उद्या तुझी इच्छा माग."

काय मागायचं ते ठरलेलंच होतं. आईला माझे हात कळू देत. गोदाने ते वाक्य मनात शंभरदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं ओसरीवर जेवायला बसली. ओसरीभर लख्ख ऊन पडलं होतं. सहा वर्षांची इंदू गोदाच्या शेजारी बसली होती. गोदा तिला काहीतरी गंमत सांगत होती. इंदू डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिने गोदाचे दोन्ही हात धरले, चाचपले आणि विचारलं, "दिवा का लावत नाहीत गं? तुझे हात दिसत नाहीत."

गोदाने ओसरीवरच्या उन्हाकडे बघितलं.

निर्मळेबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी पटकन तोंड फिरवलं. पण मुलांना चेहरे वाचता येतात. गेल्या आठवड्यात शहरातल्या डॉक्टरांनी इंदूचे डोळे तपासले होते आणि बाई परत आल्या त्या लाल डोळ्यांनी. गोदाने विचारलं तेव्हा बाईंनी खोटं सांगितलं नाही. "तिची नजर जाते आहे, बाळा," त्या हातांनी म्हणाल्या. "पावसाळ्यापर्यंत सगळी जाईल. औषध नाही."

ज्यांना ऐकू येतं त्यांना हे किती मोठं आहे ते चटकन कळायचं नाही. या शाळेत डोळ्यांनीच ऐकायचं असतं. इंदूचे डोळे गेले तर तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचं हातांचं नाव, सगळंच जाणार होतं.

गोदा उठली आणि बकुळीखाली गेली. परी वाट पाहत होती. तिचे पंख लखलख करत होते.

"माग," परी म्हणाली.

गोदाने हात उचलले. पहिली खूण आईची होती. ती तिने केलीसुद्धा. मग तिचे हात हवेत तसेच थांबले. झाडावरून दोन फुलं खाली पडली तरी ती हलली नाही. शेवटी तिने कानांशी बोटांनी दोन वेटोळी काढली.

"इंदूला तिचे डोळे परत दे."

परीने पंख मिटून विचारलं, "आणि आई? इच्छा एकच आहे, गोदा. मला नियम मोडता येत नाही."

"आईला मी निदान दिसते तरी," गोदा म्हणाली. "इंदूला तर तिची आईसुद्धा दिसणार नाही."

परीने घुंगरांचा पाय जमिनीवर आपटला. बकुळीचं पान न् पान थरथरलं. ओसरीवर बसलेली इंदू एकदम उभी राहिली, डोळे चोळू लागली आणि बोट दाखवून हातांनीच ओरडत सुटली, "बाई, तुमच्या लुगड्यावर केवढे मोर आहेत! हिरवे! निळे!"

सगळी शाळा नाचली. गोदाही नाचली, आणि मग हौदामागे जाऊन रडली. चांगलं वागलं की लगेच बरं वाटतं असं काही नसतं. तिला इंदूचा आनंद होता आणि आईसाठी वाईटही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. डोळे पुसून ती झाडाखाली आली तेव्हा परी तिथे नव्हती. त्यानंतर महिनाभर ती दिसलीच नाही.

चैत्रातला कौतुकाचा दिवस उजाडला. दारांना आंब्याच्या डहाळ्या लावल्या, मंचावर रांगोळी घातली. लाल दिवा सात वेळा मिचकला आणि कार्यक्रम सुरू झाला. धावण्याच्या शर्यतीत राज्यात दुसरा आलेला उंच सर्जेराव आला. तो पिस्तुलाच्या आवाजावर नाही, पंचाच्या हातातल्या झेंड्यावर डोळा ठेवून पळाला होता. दहावी पास झालेल्या तीन मुली आल्या. शिवणयंत्रावर शाळेचे सगळे पडदे शिवणारी कमळा आली. गणिताला इतकी वर्षं घाबरून अखेर काठावर का होईना पास झालेला भिकू आला आणि त्याच्यासाठी हात सगळ्यांत जास्त वेळ हलले. इंदू आली ती मोराचं चित्र घेऊनच.

मग बाईंनी हनुवटीवर दोनदा बोट टेकवलं. गोदा मंचावर गेली.

तिने तिसऱ्या रांगेत बघितलं. धुतलेल्या लुगड्यात आई बसली होती. शेजारी पांढऱ्या केसांची एक बुटकी, अनोळखी म्हातारी होती. गोदाने मान खाली घातली, श्वास घेतला आणि गोष्ट सुरू केली.

गोष्टीतली आई जंगलातून बांबू आणायची, त्याच्या पट्ट्या काढायची. पट्ट्यांनी बोटं कापली तरी विणत राहायची. एकदा वादळात सुगरणीचं घरटं पडलं, तेव्हा त्या आईने रात्रभर जागून तिला इवलीशी टोपली विणून दिली. सकाळी सुगरण आत बसून बघते तर टोपली उबदार होती, कारण विणणारीने आपली फुंकर आत विणली होती. शेवटची फुंकर गोदाने तळहातावर घातली आणि हात खाली सोडले.

सभागृहात हात वर गेले. पण सगळ्यांत आधी गेले ते तिसऱ्या रांगेतले. काळे, खरबरीत, पट्ट्यांनी कापलेले दोन हात. पलीकडच्या बाजूची बाई अजून डोळे पुसत होती आणि हिराबाईचे हात वर हलत होते. तिने कुणाकडेही बघितलं नव्हतं.

मग ती उठली आणि मंचाच्या पायऱ्या चढून वर आली. गोदासमोर उभी राहून तिने आपल्या हनुवटीवर बोट टेकवलं. एकदा. दोनदा.

गोदाला आईने आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली होती.

"तुमी कुटं शिकला हो हे?" बाईंच्या मागे उभी असलेली स्वयंपाकीण काशीबाई थक्क होऊन म्हणाली.

"एक म्हातारी येत हुती की झोपडीत," हिराबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "म्हैनाभर, रोज. टोपली नगं, काय नगं. म्हनली, तुझ्या लेकीनं मला ही बोली शिकवली, आता मी तुला शिकवते. जादू माझ्याकडं संपलीया, म्हनली, शिकवायचंच तेवढं उरलंय. मी इनता इनता शिकले. ती काय, तितं बसलीया..."

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारी उठून उभी राहिली होती. तिने गोदाकडे बघून दोन्ही हात वर केले आणि हलवले. तेवढ्यात कार्यक्रम संपल्याचा लाल दिवा मिचकू लागला. एकदा मिचकला तेव्हा म्हातारीचे केस मोतिया झाले. दुसऱ्यांदा मिचकला तेव्हा पाठीवर गुलाबी, निळे, सोनेरी पंख फुटले. तिसऱ्यांदा सगळं सभागृह पांढऱ्या उजेडाने भरून गेलं. उजेड ओसरला तेव्हा खुर्चीवर ओंजळभर बकुळीची फुलं होती.

संध्याकाळी गोदा आणि तिची आई बकुळीच्या पारावर बसल्या. हिराबाई सावकाश बोले, मधेच चुके, मग डोक्याला हात लावून हसे. गोदाने तिला सगळं सांगितलं. कोण पडलं, कोण हसलं, स्वप्नात काय आलं. नऊ वर्षांचं सांगायचं होतं, ते एका संध्याकाळीत कसं संपणार? हळूहळू अंधार पडला आणि हात दिसेनासे झाले, तशा दोघी एकमेकींना टेकून गप्प बसल्या. मग इंदूने पळत जाऊन ओसरीवरचा दिवा लावला, आणि गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.