बिनसावलीची दुपार

माळावरच्या एका लहानशा गावात मैना नावाची मुलगी राहत होती. ती पाचवीत होती. तिचे वडील गवंडी होते. वर्गात मैनाचा पहिला नंबर कधी येत नसे, शेवटचाही येत नसे. पण एखादी गोष्ट बघायला बसली, की पुरती बघून झाल्याशिवाय ती तिथून हलत नसे.

संक्रांतीनंतर तोडकर बाईंनी वर्गाला पृथ्वी शिकवायला घेतली. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलावर दिवा ठेवला. एका मोसंबीत विणायची सुई खुपसली, ती जराशी कलती धरली आणि मोसंबी दिव्याभोवती फिरवली.

"ही आपली पृथ्वी," बाई म्हणाल्या. "ही अशी कललेली आहे, म्हणून उन्हाळा येतो आणि हिवाळा येतो. आणि म्हणूनच आपल्या गावात वर्षातून दोन दुपारी अशा येतात, की सूर्य बरोबर डोक्यावर उभा राहतो. त्या वेळी उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. एक दुपार पावसाळ्यात येते, ती ढगांत हरवते. दुसरी मे महिन्यात येते."

मग प्रणित खराडेनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलीय ती दुपार?" प्रणित वर्गात नेहमी पहिला यायचा.

"नाही," बाई म्हणाल्या. "दर वर्षी तोवर शाळेला सुट्टी लागते आणि मी माझ्या गावी जाते. मी ते फक्त वाचलंय."

मैनाला या उत्तराचं फार नवल वाटलं. बाईंनीसुद्धा न पाहिलेली गोष्ट या जगात होती, आणि ती तिच्याच गावात घडणार होती.

दुसऱ्या दिवशी मुलांनी शाळेच्या अंगणात माणसाच्या उंचीची एक काठी रोवली. मैनानं वडिलांचा ओळंबा आणला. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन काठीशेजारी धरलं, की काठी सरळ उभी आहे की कलली आहे ते लगेच कळायचं. रोज दुपारी सावली सगळ्यात आखूड होई तेव्हा मुलं तिच्या टोकावर एक खडा ठेवत. पहिले काही दिवस सगळा वर्ग येई. पुढं बरेचजण कंटाळले. मैना मात्र येतच राहिली. खडे रोज तसूतसूनं काठीकडं सरकत होते. सूर्य आभाळातून हळूहळू गावाच्या दिशेनं चालत येतो आहे, असं तिला वाटे, आणि त्या विचारानं तिच्या अंगावर काटा येई.

तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती. सावली सगळ्यात आखूड व्हायची ती घड्याळात बारा वाजता नाही. बाराचे टोल पडून जायचे, मुलं हात धुऊन ओळीत बसायची, खिचडी वाढायला सुरुवात व्हायची, तेव्हा कुठं सावलीचं आखडणं थांबायचं. तिनं बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "घड्याळ सगळ्या देशाचं एकच आहे. सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या माथ्यावर त्या त्या गावाच्या वेळेला येतो."

परीक्षा झाली, निकाल लागला. प्रणित पहिला आला. बाईंची आई आजारी होती, म्हणून त्या लगेच गावी निघाल्या. जाताना त्यांनी मुलांना त्या दुपारची तारीख सांगितली. "काठी तेवढी सांभाळा," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रणितनं घरी जाऊन आजोबांना ही गोष्ट सांगितली. आबा खराडे म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ते आधी हसले.

"सावली कुठं जाती व्हय रं? माणूस मरंस्तवर सावली त्याला सोडत न्हाई."

"बाईंनी सांगितलंय, आबा. त्या दिवशी बारा वाजता सावली जाणार."

"मग समद्या गावालाच बोलवू की. बघू तरी, शाळेत पोरांना काय शिकवत्यात ते."

बाई नुसतं 'दुपारी' म्हणाल्या होत्या. बारा वाजता हे प्रणितनं आपल्या पदरचं घातलं होतं. पण आबांच्या तोंडून ते गावभर झालं.

ठरल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. डोक्यावर टॉवेल आणि पदर घेऊन माणसं शाळेच्या अंगणात जमली. मैनाच्या वडिलांनी ओळंबा लावून काठी पुन्हा एकदा तपासली. काठी सरळ उभी होती.

बारा वाजले. सगळ्यांनी काठीच्या बुडाशी पाहिलं. वीतभर सावली तिथं स्पष्ट पडलेली होती.

मग मागून कुणीतरी हसलं आणि ते हसू पसरत गेलं. "बाईंनी चांगलं शिकवलंय पोरांना," एकजण म्हणाला. आबांनी नातवाकडं पाहिलं. प्रणितचे कान लाल झाले.

तो मैनाजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "काठी जराशी सूर्याकडं कलती कर. अगदी जराशी. सावली जाईल बघ. एवढ्या लांबून कुणाला कळणार नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. काठीचं टोक सूर्याच्या दिशेला कललं असतं तर सावली काठीच्या बुडाशीच मिटून गेली असती. लोकांनी तोंडात बोटं घातली असती. बाईंचा मान राहिला असता आणि मैनाचाही. मैनाचा हात काठीवरच होता. तिनं एकवार वडिलांकडं पाहिलं. ते तिच्याचकडं बघत होते, पण त्यांनी मान हलवली नाही, की खूणही केली नाही.

मैनानं काठीवरचा हात काढून घेतला.

"अशानं सावली आपण घालवली असं होईल," ती म्हणाली. "मला ती सूर्यानं घालवलेली बघायचीय."

"आणि नाही गेली तर?"

"तर नाही गेली म्हणून बाईंना सांगायचं."

प्रणित रागानं बाजूला झाला. मग मैना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बारा ही वेळ चुकीची सांगितली गेली. सावली अजून आखडतीय. थोडं थांबावं लागेल."

"किती थांबायचं, पोरी?" आबांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार, आबा. रोज खिचडी वाढायच्या वेळेपर्यंत आखडायची."

लोक पुन्हा हसले. ऊन सोसवत नव्हतं. एकेकजण उठून निघाला. शाळेच्या फाटकाबाहेर दगडी विहीर होती. घरी जायच्या आधी बरेचजण तिथं पाणी प्यायला थांबले. अंगणात मैना राहिली, तिचे वडील राहिले आणि आबा राहिले. प्रणितला जायचं होतं, पण आजोबा उठले नाहीत म्हणून तोही राहिला.

मैना काठीच्या बुडाशी उकिडवी बसली. कपाळावरून घाम ओघळत होता. सावली वीतभराची टीचभर झाली. सरकताना ती दिसत नव्हती. डोळा लवला की मात्र ती आधीपेक्षा आखूड झालेली असायची. पुढं ती बोटभर उरली, मग नखाएवढी. मैनाला श्वास मोठ्यानं घ्यायचीही भीती वाटू लागली. एवढा मोठा सूर्य आणि एवढी मोठी पृथ्वी, आणि त्या दोघांचं चालणं आपल्या पायाशी, या एवढ्याशा काळ्या टोकावर चाललेलं आहे, असं तिच्या मनात आलं.

आणि मग ते टोक राहिलंच नाही.

काठी उन्हात उभी होती आणि तिच्या चारी बाजूंना नुसतं ऊन होतं. मैना उठून उभी राहिली. अंगणातला झेंड्याचा खांब तसाच उभा होता, बिनसावलीचा. फाटकाचे गज तसेच. तिच्या वडिलांची सावली त्यांच्या पायांखाली गोळा होऊन बसली होती. झाडं, भिंती, माणसं, सगळं होतं तिथंच होतं, आणि तरीही गाव ओळखू येत नव्हतं. जणू सगळं गाव जमिनीवरून अलगद उचलून उन्हात ठेवलं होतं.

आबांनी आपल्या पायांकडं पाहिलं. एक पाय उचलला, परत टेकवला. त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. कुणाच्या पाया पडायच्या आधी ते तसं करायचे.

तेवढ्यात विहिरीवरून एका बाईची हाक आली. "अवं, हिकडं या समदी. हिरीत बघा."

सगळे धावले. ती विहीर फार जुनी आणि फार खोल होती. तिच्यात नेहमी अंधार असायचा. मे महिन्यातल्या भर दुपारी एरवी तिकडं कुणी फिरकत नसे, आणि तिचा तळ हयात असलेल्या कुणीही पाहिलेला नव्हता. आज ऊन सरळ खाली उतरलं होतं. चारी भिंती उजळल्या होत्या आणि उन्हाळ्यानं निवळलेल्या पाण्यातून तळ लख्ख दिसत होता. तळाशी पांढरी वाळू होती. त्या वाळूत एका जागी झरा फुटत होता. वाळूचे कण उसळत होते, खाली बसत होते, पुन्हा उसळत होते. गावाच्या कितीतरी पिढ्या ज्याचं पाणी पीत आल्या, तो झरा गाव पहिल्यांदाच बघत होतं.

कठड्याभोवती माणसांची गर्दी झाली. मघाशी मोठ्यानं हसणाऱ्या माणसानं डोळे पुसले. एका आईनं कडेवरचं मूल पुढं धरून त्याला झरा दाखवला.

थोड्याच वेळात विहिरीची एक भिंत अंधारू लागली. तळ पुसट झाला आणि दिसेनासा झाला. अंगणात काठीच्या दुसऱ्या बाजूला, सकाळच्या सावलीच्या उलट दिशेला, काळ्या रेघेचं इवलंसं टोक बाहेर आलं.

लोक हळू आवाजात बोलत घरांकडं गेले. मैना काठीजवळ परत आली. प्रणित तिच्या मागून आला. बराच वेळ तो त्या नव्या सावलीकडं बघत राहिला.

"माझं ऐकून तू काठी कलती केली असतीस," तो म्हणाला, "तर बारालाच टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते."

"हो."

"आणि खरी सावली गेली तेव्हा इथं कुणीच नसतं. मीसुद्धा नसतो."

मैनानं वडिलांचा ओळंबा उचलून त्याच्याकडं दिला. प्रणितनं तो काठीशेजारी धरला आणि वजन डुलायचं थांबेपर्यंत तो हलला नाही.

तात्पर्य: खोटं रचून लोकांना चकित करता येतं, पण स्वतःला चकित होता येत नाही. जगातली खरी नवलं त्यालाच दिसतात, जो हसं झालं तरी खरं सोडत नाही आणि त्याची वाट बघतो.