आभाळाचं बोरन्हाण

सगुणाजवळ स्वतःचं असं काहीच नव्हतं. अंगातला फ्रॉक आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता, पाटी दुसऱ्या कुणाची तरी होती, आणि तिचं नाव कुणी ठेवलं होतं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी, बोरांच्या बनाला लागून, आई-बाबा नसलेल्या मुलांचं एक घर होतं. सगुणा तिथं राहायची. तिला न्यायला कधी कुणी आलं नाही. पाहुणे यायचे, पण ते तान्ही बाळं बघायचे, आणि सगुणा तर केव्हाच मोठी झाली होती.

फक्त एक गोष्ट तिची होती. मैना.

मैना होती इवलीशी, टपोऱ्या डोळ्यांची. ती अगदी तान्ही असताना या घरी आली, तेव्हापासून सगुणानंच तिला भरवलं, न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं. संध्याकाळ झाली की मैना सगुणाचं बोट धरायची आणि म्हणायची, "गाणं." मग सगुणा स्वतः रचलेलं गाणं म्हणायची:

*झोपली चिऊ, झोपला मोर,*
*पानात निजलं पिवळं बोर.*
*धर माझं बोट, मीट गं डोळा,*
*स्वप्नात करू चांदण्या गोळा.*

'गोळा' येईपर्यंत मैना झोपलेली असायची.

आणि एके दिवशी घर सांभाळणाऱ्या दमयंतीताईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "मुलांनो, आपल्या मैनेला आई-बाबा मिळाले! खूप दूरच्या, बर्फाच्या देशातले!"

सगळ्यांनी उड्या मारल्या. सगुणानंही मारली, पण तिचे पाय नीट वर उचललेच नाहीत.

संक्रांत नुकतीच झाली होती. मैनेला निरोप द्यायला मोठा समारंभ करायचा ठरला, आणि त्याचा देखावा ठरला बर्फाच्या देशाचा. "तिला आत्तापासूनच सवय व्हायला नको का?" ताई म्हणाल्या. मोठी माणसं अशीच. ज्याचा समारंभ, त्याला एका शब्दानं विचारत नाहीत.

भिंतींवर कापूस चिकटला. छतावरून पांढरे दोरे लोंबले. सगळ्या मुलांना पांढरी टोपडी घातली आणि नव्या आई-बाबांना पांढऱ्याशुभ्र शाली पांघरल्या. मैना दारात आली. समोर सगळं पांढरं. तिची रोजची खोली कुठंच नाही, ओळखीचा एक चेहरा दिसेना. तेवढ्यात कुणीतरी तिच्या डोक्यावर कापसाचा भुगा उधळला.

मैना अशी किंचाळली की अंगणातली कबुतरं उडाली. धावत गेली आणि सगुणाच्या खाटेखाली शिरली.

"बाहेर ये गं राणी," ताई खाली वाकून म्हणाल्या. "बघ, आई आलीय!"

"नको आई! नको बर्फ! तो मला पुरून टाकेल!"

नवी आई, तिचं नाव इंग्रिड, दारात उभी होती. मैनेसाठी ती मराठी शिकून आली होती. एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, "रडवून नाही न्यायचं. तिला आम्ही नको असू, तर आम्ही दोघंच परत जाऊ. उद्या."

ते ऐकून सगुणाच्या छातीत काहीतरी आनंदानं उडालं. आणि लगेच तिला त्या आनंदाची लाज वाटली. ती मागच्या दारानं बोरांच्या बनात पळाली.

बनात उन्हाची सोनेरी जाळी पसरली होती. पिवळी, तांबूस, चकचकीत बोरं पानापानांतून लुकलुकत होती. आणि एका फांदीवरून बारीकसा, घुंगरासारखा आवाज आला.

"अगं, जरा सोडव ना मला!"

अंगठ्याएवढी परी! तिचा झगा कोवळ्या पानांचा, पंख बोराच्या सालीसारखे नितळ, आणि त्यातला एक पंख आकड्यासारख्या काट्यात अडकलेला. सगुणानं हळूहळू काटा मागं वाकवला. तिच्या बोटातून रक्ताचा थेंब आला, पण पंखाला चीरसुद्धा पडली नाही.

"गुणाची गं गुणाची!" परी तिच्या तळहातावर उतरली आणि तीन बोरं तिच्यापुढे ठेवली. "एकेक फोड आणि माग. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागशील तर बोर किडकं निघेल. आणि दुसऱ्यासाठी मागशील, तर ते आभाळातून पडणार नाही. तुझ्याजवळचंच काहीतरी त्याच्याकडे जाईल."

सगुणानं झटकन पहिलं बोर फोडलं. "मैना भेदरलीय. तिच्यासाठी मागते. ती कायमची इथंच राहू दे!"

बोरातून अळी वळवळत बाहेर आली.

"पण मी तिच्यासाठीच मागितलं होतं!" सगुणा ओरडली.

परी रागावली नाही. "बोराला आतलं कळतं, बाळ," एवढंच म्हणाली.

सगुणा बांधावर बसून खूप रडली. डोळे पुसून वर पाहिलं, तर घराच्या मागच्या पायरीवर इंग्रिड एकटीच बसलेली. तिच्या मांडीवर लोकरीचे दोन चिमुकले लाल मोजे होते. ती ते उलगडायची, पुन्हा दुमडायची. स्वतःच विणलेले असावेत, कारण एक मोजा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता.

माझ्यासाठी कुणी असे मोजे विणले असते तर? सगुणाच्या मनात आलं. मग मी खाटेखाली लपले असते, आणि कुणी मला बाहेर काढलंच नसतं तर?

तिनं दुसरं बोर फोडलं. "मैनेचं बोरन्हाण कधी झालं नाही. ते होऊ दे. हलव्याच्या दागिन्यांसकट."

"मग तुझ्या जिभेची गोडी जाईल," परी म्हणाली. "हलवा तिचाच होईल."

"होऊ दे."

आणि बन झळाळून उठलं! पानापानांतून हलव्याचे दाणे टपटपले, शुभ्र, काटेरी, चांदण्यांसारखे. त्यांचा हार झाला, बाजूबंद झाले, इवलासा मुकुट झाला. चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, टोपल्याच टोपल्या भरल्या. सगुणानं एक रेवडी तोंडात टाकून पाहिली. मातीसारखी लागली.

मग मात्र तिनं कुणाचंच ऐकलं नाही. "ताई, तो कापूस काढा आधी!"

"अगं, पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांनाच कामाला लावायचंय." तिनं इंग्रिडच्या हातात टोपली दिली. "बोरन्हाण आईनं घालायचं असतं."

खाटेखाली हलव्याचा मुकुट चमकला, आणि मुकुटामागे सगुणाचा चेहरा दिसला, तशी मैना रांगत बाहेर आली. काळं झबलं घालून ती पाटावर बसली. काळ्या झबल्यावर हलवा असा शोभला, जणू सगळं नक्षत्रांचं आभाळच पाटावर येऊन बसलं होतं. इंग्रिडनं टोपली वर धरली आणि मैनेच्या डोक्यावर सरसर सरसर सरी ओतल्या. मुलं तुटून पडली. "ए, तो ऊस माझा!" "ढकलू नको, जाड्या!" नवे बाबासुद्धा गुडघ्यांवर बसून बोरं वेचत होते आणि मुलं त्यांच्या हातातून ती पळवत होती. मैना खदखदून हसली. झबल्याचा ओचा पसरून ओरडली, "अजून!"

सगुणा तिच्या कानाशी वाकली. "मैने, तिकडं बर्फ पडतो ना, ते आभाळाचं बोरन्हाण असतं. इथं आई एकदाच घालते. तिकडं आभाळ सारखं घालतं."

मैनेनं वर पाहिलं. "मग मी ओचा पसरायचा?"

"हो. पसरायचा."

संध्याकाळी इंग्रिडच्या मांडीवर मैना पेंगली, पण झोपेना. तिनं सगुणाकडे हात केला. "गाणं. तिकडं गाणं कोण म्हणेल?"

सगुणा उठली. तिच्या मुठीत शेवटचं बोर होतं. ती खिडकीकडे गेली. चौकटीवर परी बसली होती.

"माझं गाणं तिच्या आईला दे," सगुणा हळूच म्हणाली आणि बोर फोडलं. बोर आतून स्वच्छ, पिवळंधमक होतं.

मागून आवाज आला. *झोपली चिऊ...* इंग्रिड गात होती, अडखळत, शब्द वाकडे करत. मैनेनं तिचं बोट घट्ट धरलं. सगुणानं कान देऊन ऐकलं. किती गोड होतं ते गाणं! आपण ते कधी ऐकलंय का, हे तिला काही केल्या आठवेना.

सकाळी मैना लाल मोजे घालून गेली. गाडीच्या खिडकीतून खूप वेळ तिचा हात हलताना दिसत होता. मग नुसता रस्ता उरला.

वर्ष गेलं. सगुणानं सगळी कामं केली, पण जेवण बेचव लागायचं आणि संध्याकाळ फार लांब व्हायची. पुढच्या संक्रांतीला घरात एक नवं, रडकं बाळ आलं. दिवसभर ते टाहो फोडत होतं. सगुणा त्याला घेऊन बोरांच्या बनात आली. "मला गाणं येत नाही रे," ती म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात फांदीवर परी उमलली. "ऐक," ती म्हणाली.

वारा थांबला. दूर, फार दूरवरून बर्फ पडण्याचा मऊ आवाज आला. कुणीतरी खदखदून हसत ओरडलं, "आई, अजून!" आणि मग एक बाई गाऊ लागली. शब्द अजूनही वाकडेच होते.

*...स्वप्नात करू चांदण्या गोळा.*

सगुणाच्या ओठांवर एकेक ओळ परत आली. परीनं तिच्या तोंडात एक बोर ठेवलं. ते मधासारखं गोड होतं.

"दिलेलं जपलं गेलं ना, की ते परत फिरतं," परी म्हणाली. "आता हे मैनेकडेही राहील आणि तुझ्याकडेही."

तिचे पंख पिवळे झाले, मग सोनेरी, मग नुसता उजेड झाला, आणि त्या उजेडात परी विरून गेली. बोरीखाली सगुणा उरली, आणि तिच्या कुशीतलं ते बाळ.

बाळानं तिचं बोट धरलं होतं. सगुणानं डोळे पुसले आणि गायला सुरुवात केली.