झाकण ठेवा

माणसाला झाकण का नसतं, हे सुदामने डॉक्टरांना, भटजींना आणि शेवटी न्हाव्यालाही विचारलं. त्याचा जनार्दनदादा हृदय बंद पडून गेला होता. बाकी सगळा धडधाकट.

दादा पंख्याच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनर होता. मोटर चालवणारं सर्किटचं कार्ड जळलं तर तेवढंच बदलता यावं, म्हणून त्याने चार स्क्रूंचं झाकण बसवलं होतं. शोकसभेत कारखान्याच्या मालकांनी, टिपणीससाहेबांनी, दादाच्या फोटोला हार घातला, शेजारी मांडलेल्या जळक्या मोटरीलाही घातला आणि जाहीर केलं, "झाकण रद्द! कार्ड म्हणजे मोटरीचा प्राण, तो आतच चिकटवायचा. प्राण गेला की देह टाकायचा. देवानेही असंच केलंय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुदाम ताडकन उठला. "साहेब, देवाने झाकण ठेवलं असतं, तर मी आज दादाला घेऊन घरी गेलो असतो. देव सापडत नाही, म्हणून त्याला जाब विचारता येत नाही. तुम्ही तर सापडलात!"

साहेबांनी मोटरीचा हार गुपचूप काढला. "ठेवा बाबा झाकण."

त्यानंतर कारखान्यात बनलेल्या पहिल्या मोटरीचे चारही स्क्रू सुदामनेच बसवले आणि कुणालाही सहज उघडता येतील, इतकेच आवळले.