राणीचे उरलेले दोन बोल

एका राज्यात, जिथं डोंगर आभाळाला टेकलेले आणि पाखरं माणसांशी कचाकचा भांडत, तिथं एक रीत होती. पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हणत नसे. वाढायला गेलं की पाहुणा ताटावर आडवा हात धरी, "नको." पुन्हा आग्रह, पुन्हा "नको." तिसऱ्यांदा यजमान म्हणे, "माझ्या गळ्याची शपथ!" तेव्हा कुठं हात बाजूला होई, आणि मग गडी असा जेवे की वाढणाऱ्याची तारांबळ उडे. लग्नाची मागणी तीनदा, शत्रूला तहाचा निरोप तीनदा. वेडी रीत म्हणाल? म्हणा बापडे. पण तीनदा विचारणारा मनापासून विचारतो, एवढं तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

त्या राज्याची राणी कनकावती. तिची धाकटी बहीण शेवंता. आईबाप देवाघरी गेलेले, दोघी एकमेकींना. कनकावती हुशार, न्यायाला पक्की, पण भारी मानी. शेवंता हसतमुख. गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं दरबारात जायच्या आधी शेवंतेच्या ओसरीवर टेकत, आणि निम्मी तिथूनच निवळून घरी जात. राणीला ते खुपू लागलं. बोलून दाखवत नव्हती, पण मनात कुसळ रुतलं ते रुतलंच.

एके दिवशी पंगतीत बोलाचाली झाली. कारण सांगायचीही लाज वाटते. माळ्यानं पहिला गजरा राणीऐवजी शेवंतेला दिला होता. राणी लागट बोलली. शेवंतेचे डोळे भरून आले.

"ताई, माझी इथं अडचण होते. मी जाते डोंगरापल्याड."

"राहा," राणी म्हणाली.

"नको."

आता दुसऱ्यांदा विचारायचं. सगळी पंगत थांबली. वाढपी वरणाची पळी हातात धरून उभा. शेवंता उठली. तिनं हात धुतले, सावकाश पुसले, दारापाशी जाऊन चप्पल पायात घालायला एवढा वेळ लावला की तान्ह्या पोरालाही समजावं. राणीनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. अगं बाई, एक शब्द गं! तेवढा एक शब्द काही तिच्या तोंडून फुटला नाही. शेवंता उंबरा ओलांडून गेली.

उंबऱ्यानं ते पाहिलं. किती पिढ्यांनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आजवर तो कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"माझ्यावरून घरचं माणूस आग्रहावाचून गेलं. आजपासून या राज्यात कुणाचं पोट भरणार नाही. राणी, तुझे दोन बोल उरलेत. ते मनापासून विचारशील त्या दिवशी शाप सुटेल."

झालं. कणग्या भरलेल्या, चुली पेटलेल्या, पण जेवून हात दुखले तरी भूक जाईना. मरत कुणी नव्हतं, पण ढेकर म्हणून कुणाला येईना. पोरं आईच्या अंगावर पिऊन पुन्हा रडायला लागत. शेजारी शेजाऱ्याच्या ताटात डोकावू लागला. पाहुणा दिसला की लोक दारं लावून घेऊ लागले, मग कसला आग्रह आणि कसलं काय! राणीलाही तीच भूक. पण ताठा मोठा. "गेली तशी येईल परत," म्हणत तिनं वर्षांमागून वर्षं घालवली.

शेवटी एकदा ती वेशीतून फेरफटका मारत होती. तिथं एक आई आपल्याच लेकराकडं पाठ करून भाकरी लपवून खाताना तिला दिसली. राणी तिथंच खाली बसली. "हे माझ्यामुळं," ती म्हणाली. वाड्यावर परतून कपडे बदलायलाही ती थांबली नाही. संगतीला फक्त म्हातारी साळुंकी घेतली. ती साळुंकी दोघींच्या पाळण्यावर बसून मोठी झालेली, तेव्हा राणीबिणी ती काही मानत नसे.

डोंगराच्या खिंडीत जटाई चेटकीण बसली होती. तिच्या जटांत घारींची घरटी होती.

"बहीण इथंच आहे," जटाई म्हणाली. "भेटशील. आधी तीन कामं कर. तिघांना आग्रह करून दाखव."

पहिला होता शापित धनावर बसलेला नाग. युगं लोटली, त्यानं तोंडात काही घेतलं नव्हतं. राणीनं दुधाची वाटी पुढं सरकवली. "पी."

नागानं तोंड फिरवलं.

"पी म्हणते ना!"

"बाई गं, हा हुकूम झाला," साळुंकी म्हणाली. "आग्रह असा करतात होय? त्याच्याजवळ बस तरी!"

राणी बसली. सोन्याच्या राशीकडं तिनं पाहिलंही नाही. नागाच्या सुकलेल्या फण्याकडं पाहून तिला गलबलून आलं. "एकटाच किती दिवस बसलास रे," ती म्हणाली. "दोन घोट घे, बाबा. मला बरं वाटेल." नागानं वाटी चाटून पुसून रिकामी केली आणि वाट सोडली.

दुसरा होता रुसून गुहेत बसलेला वारा. त्याच्यापुढं राणीनं दोनदा पदर पसरला, दोनदा तो गुरगुरला. तिसऱ्यांदा ती काहीच न बोलता गुहेच्या तोंडाशी बसून राहिली. मग वाराच म्हणाला, "बरं, येतो," आणि तिची वेणी विसकटून निघून गेला.

तिसरं काम उघड्या माळावर. भर दुपारी राणीची सावली पायापासून सुटली आणि लांब जाऊन बसली.

"चल," राणी म्हणाली.

"नाही येत. त्या दिवशी तिला का नाही विचारलंस?"

"विसरले."

"खोटं."

"मान आडवा आला."

"तेही अर्धंच."

राणी सावलीसमोर खाली बसली. जे आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. "तिनं जावं असंच मला वाटत होतं. लोक तिला जीव लावत होते. मी एकदा विचारलं ते फक्त पंगत बघत होती म्हणून." एवढं बोलून ती हमसून हमसून रडली. सावली उठली आणि येऊन पायाला चिकटली.

मग जटाईनं वाट दाखवली.

शेवंता झऱ्यात पाय सोडून बसली होती. तिच्या मोकळ्या केसांतून पाणी वाहत होतं आणि खाली उतरून त्याची नदी होत होती. नदीकाठी गावं वसली होती, बाया घागरी भरत होत्या.

"ताई, किती वाळलीस गं," ती म्हणाली.

"शेवंते, घरी चल."

"नको."

राणीला हसू फुटलं. रीतच ती! साळुंकी आनंदानं पंख फडफडवत नाचली. राणीनं बहिणीचे ओले हात हातात घेतले.

"चल गं. माझ्या गळ्याची शपथ. मी चुकले. तू गेल्यापासून घर खायला उठतं. तुझी ओसरी, तुझी माणसं, सगळं तुझं. चल."

शेवंतेनं खाली नदीकडं पाहिलं. मग म्हणाली, "नको, ताई."

राणीला आधी समजलंच नाही. त्या राज्यात तिसरं 'नको' कुणी ऐकलेलं नव्हतं. "म्हणजे... थांब, मी पुन्हा विचारते."

"चौथ्यांदा विचारायची रीत नाही."

"रागावलीस अजून?"

"राग कसला? मी सीमेवरच्या दगडावर बसून होते, दिवस मावळेपर्यंत. तुझी पालखी दिसते का बघत होते. पालखी आली नाही, ही जटाई म्हातारी आली. तिनं विचारलं, माझ्या डोंगराला पाणी नाही, येतेस का? दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. आता मी उठले की नदी आटली. खाली लेकरं पाण्यात खेळतायत, ती बघ."

राणीनं पाहिलं.

"एक सांगू?" शेवंता म्हणाली. "मी तिसऱ्यांदाची वाट बघणार नव्हते. तू दुसऱ्यांदा विचारलं असतंस ना, तर तिथंच चप्पल काढली असती."

त्याच घटकेला शाप सुटला. बोल विचारून झाले होते, मनापासून झाले होते, उंबऱ्याचं तेवढंच मागणं होतं. तिकडं राज्यात जेवत्या पंगतीनं एकदम ढेकर दिला. पोरं पिऊन झोपली. दारं उघडली आणि वाटसरूंना लोक हाताला धरधरून आत नेऊ लागले. इकडं झऱ्याकाठी राणीचंही पोट भरलं. तिला ते नको होतं. बहीण मिळाली नाही आणि पोट मात्र भरलं, याची तिला इतकी शरम वाटली की तिनं तोंड पदरात लपवलं. शेवंतेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात गार होता, आणि पाठ ओली झाली.

राणी परतली. पुढं तिनं राज्य चांगलं केलं, कुणी नाव ठेवावं असं काही केलं नाही. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा डोंगरावर गेली. झऱ्यावर कुणी बसलेलं नव्हतं. नुसती नदी होती, चांगली रुंद झालेली, काठावर नवी गावं वसलेली. साळुंकी म्हणाली, "चल माघारी, रीत नाही." राणीनं ऐकलं नाही. पाण्यात पाय सोडून ती बसली आणि चौथ्यांदा म्हणाली, "शेवंते, घरी चल." पाचव्यांदा म्हणाली, सहाव्यांदा म्हणाली. नदी वाहत राहिली.

कनकावतीचं राज्य जसं पोटभर जेवलं, तसे तुम्ही-आम्ही जेवू. आणि तिचं जे राहून गेलं, ते तुमचं-आमचं न राहो.