मोतीशेठांची नवी गाडी

मोतीशेठांनी विकायला काढलेल्या जुन्या फोर्कलिफ्टवर थाप मारली. "उचललेला माल दिवसभर तसूभर खाली येणार नाही. माझा शब्द!"

तेवढ्यावर हळदीच्या गोदामाचे मालक अण्णा विसार द्यायला निघाले. त्यांची इंजिनिअर मुलगी ऋजुता उसळली, "अण्णा, याच्या आसपास आपले हमाल वावरणार आहेत!"

"पोरी, मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा," शेठ गुरगुरले.

"ठेवला की! आता टनभर पोती वर चढवा आणि खाली तुमची नवीकोरी गाडी लावा. तोवर आपण निवांत चहा घेऊ."

शेठांनी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली. "आधी सिलिंडरचं गळकं सील बदलून देतो," ते पुटपुटले.

अण्णांनी विसाराचं पाकीट परत खिशात घातलं.

"बदला," ऋजुता म्हणाली, "चहा तेव्हाच घेऊ. गाडी मात्र हीच आणा."