ब्रॅकरिगचा उघडा उतार

इंग्लंडच्या उत्तरेला ब्रॅकरिग नावाच्या गावी जिन नावाची दारू गाळण्याची जुनी भट्टी आहे. तिच्यामागच्या टेकडीवर सगळीकडे, जिनला वास देणाऱ्या ज्युनिपरची झुडपे आहेत, पण एका उतारावर गवताची काडीही उगवत नाही. भट्टी पाहायला आलेल्यांना तिथला म्हातारा वाटाड्या आधी त्या उतारावर नेतो आणि एनॉकची हकीकत सांगतो.

दोनशे वर्षांपूर्वी एनॉक वेल्डन इथे जिन गाळत असे, असे सांगतात. धान्याची दारू आणि ज्युनिपरची फळे तांब्याच्या भांड्यात तापवली की पहिली धार घातक निघते. ती टाकायची, नंतरची ठेवायची. धार कुठे तोडायची, म्हणजे टाकणे थांबवून ठेवायला कधी लागायचे, ते नाकालाच कळते, आणि एनॉकचे नाक पंचक्रोशीत नावाजलेले होते. एका हिवाळ्यात तो तापातून उठला तो वासाची जाण गमावूनच. त्याने कुणाला सांगितले नाही. नाक नसेल तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. सवयीने, अंदाजाने तो धार तोडत राहिला.

कापणीनंतरच्या गावजेवणाच्या दिवशी त्याची बायको टॅबिथा भट्टीत आली. तिने बंद मूठ त्याच्या नाकाखाली धरली.

"यंदाची फळं. कशी आहेत?"

"झकास! टेकडीच्या वरच्या अंगाची दिसतात."

तिने मूठ उघडली. आत मेंढीच्या लेंड्या होत्या.

"वरच्या अंगाच्याच आहेत," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "एनॉक, आजचं पिंप कोणत्या नाकानं भरलंस?"

पिंप अंगणात पोहोचले होते. सारा गाव पेले घेऊन उभा होता. एनॉक धावला, पिंप ढकलत उतारावर नेले आणि त्याचे बूच उपटले.

"अरे, डोकं फिरलं का याचं?" कुणीतरी ओरडले.

"डोकं नाही, नाक गेलंय," तो म्हणाला. "कितीतरी महिने झाले. ही चांगली असेलही. मला कळत नाही."

एवढे बोलायला त्याला जन्मभराचे बळ लागले, म्हणे. भट्टीच्या मालकाने त्याला कामावरून काढले नाही. धार तोडताना त्याच्या शेजारी टॅबिथाला उभे केले. ती जिन खरोखर बिघडली होती का, ते कुणालाच कळले नाही.

आजही ब्रॅकरिगला धार तोडताना दोघे उभे असतात. एकाने "थांब" म्हटले, तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. धारेखाली तोवर गोळा झालेले सारे त्या उतारावर ओतायचे. यात चांगली जिनही बरीच जाते, असे वाटाड्या सांगतो. पण ओतण्याआधी चाखून खात्री करून घ्यायला तिथे मनाई आहे.